अर्धा पुडा फेकायचा नसेल तर: ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवण्याची रीत

घरात खाणारी माणसं दोन आणि पुड्यात स्लाइस वीस. हे गणित जुळत नाही हे कळायला मला काही वर्षं लागली. पहिल्या दिवशी ब्रेड मऊ, दुसऱ्या दिवशी बरा, तिसऱ्या दिवशी ‘उद्या संपवू’, आणि पाचव्या दिवशी कडेला हिरवट ठिपका. मग अपराधी चेहऱ्याने पुडा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा आणि नवा आणायचा.

फ्रीझरचा उपाय ऐकून माहीत होता, करूनही पाहिला. पहिल्या खेपेला अख्खा पुडा तसाच आत ढकलला. सकाळी दोन स्लाइस हव्या होत्या, हातात वीट आली. सुरीने स्लाइस सुट्या करायला गेलो, सुरी घसरली आणि अंगठ्याला तीन दिवस पट्टी. दुसऱ्या खेपेला शहाणपणा केला, पण ब्रेड आत ठेवला तो पाचव्या दिवशी, आता खाऊन संपणार नाही याची खात्री पटल्यावर. महिन्याने बाहेर काढला तर तो पाचव्या दिवसाचाच ब्रेड होता. कोरडा, भुगा होणारा. मी फ्रीझरला नावं ठेवली आणि वर्षभर पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

फ्रीझरचं काही चुकलं नव्हतं. फ्रीझर ब्रेडला ताजा करत नाही. ब्रेड ज्या अवस्थेत आत जातो त्याच अवस्थेत तो त्याला थोपवून धरतो. म्हणजे खरे निर्णय दोनच: ब्रेड कधी आत ठेवायचा आणि एका वाट्यात किती ठेवायचा. बाकीचं सगळं या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी.

आधी एक गोंधळ मिटवू: फ्रीज वेगळा, फ्रीझर वेगळा

‘थंड जागेत पदार्थ टिकतो’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ब्रेडचा पुडा उरला की हात आपोआप फ्रीजच्या मधल्या कप्प्याकडे जातो. ब्रेडच्या बाबतीत ती सर्वात वाईट जागा आहे.

ब्रेड शिळा होतो म्हणजे वाळतो, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. १८५२ साली ज्याँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पाणी जराही उडू न देता हवाबंद ठेवलेला ब्रेडसुद्धा शिळा होतो. पुन्हा तापवला की तोच ब्रेड मऊही होतो. म्हणजे पाणी कुठे गेलेलं नसतं, आतल्या आत काहीतरी बदललेलं असतं.

बदलतो तो स्टार्च. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याच्या रेणूंची मूळची मांडणी विस्कटते. म्हणून ताजा ब्रेड लुसलुशीत लागतो. थंड झाल्यावर हे रेणू हळूहळू पुन्हा रांगेत लागू लागतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि ब्रेड कडक, भुसभुशीत होत जातो. हे रांगेत लागण्याचं काम सर्वात झपाट्याने चालतं ते गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानाला. तुमच्या फ्रीजचा नेहमीचा कप्पा असतो ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. बरोबर त्याच पट्ट्यात! ओट्यावर दोन दिवस मऊ राहणारा ब्रेड तिथे एका रात्रीत म्हातारा होतो.

तापमान उणे १८ अंशांवर नेलं की ही हालचाल जवळजवळ थांबते. दुसऱ्या टोकाला, साधारण ६० अंशांच्या वर नेलं की बनलेले स्फटिक वितळतात. म्हणूनच शिळी स्लाइस टोस्ट केली की पुन्हा खावीशी वाटते. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागचं कारण तेच आहे.

फ्रीजच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिथे बुरशी उशिरा येते. हवा दमट असेल, फ्रीझरमध्ये जागाच नसेल आणि तुम्ही ब्रेड टोस्ट करूनच खाणार असाल, तर फ्रीज चालेल. मऊ ब्रेड खायचा असेल तर नाही.

काय काय लागेल

- झिप असलेल्या जाड पिशव्या. फ्रीझरसाठीच्या म्हणून मिळतात त्या चांगल्या. नसतील तर साध्या पिशव्या, एकात एक दोन.
- बटर पेपर, स्लाइसमध्ये घालायला
- अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा चिकटणारी प्लास्टिकची फिल्म (अख्खा लोफ ठेवणार असाल तरच)
- पाव, बन ठेवायचे असतील तर फ्रीझरमध्ये मावेल असं ताट
- कायमच्या शाईचं पेन आणि कागदी चिकटपट्टी
- दातेरी सुरी, न कापलेल्या लोफसाठी

हवा ओढून घेणारं यंत्र लागत नाही. असलंच तरी ब्रेडला जपून वापरा, मऊ ब्रेडचा पापड होतो. वापरायचंच असेल तर ब्रेड आधी उघड्यावर गोठवून कडक करा आणि मग हवा ओढा.

१. तुमचा फ्रीझर खरोखर फ्रीझर आहे का ते बघा

ब्रेड महिनोन्महिने नीट राहायला उणे १८ अंश हवेत. वेगळ्या दाराचा फ्रीझर असेल तर बहुधा तेवढं तापमान असतं. एकाच दाराच्या फ्रीजमध्ये आत जो बर्फाचा छोटा कप्पा असतो, त्याची खात्री देता येत नाही. कप्प्याच्या झाकणावर चांदण्या छापलेल्या असतात, त्या मोजा. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथी चांदणी असेल तर तो कप्पा ताज्या वस्तू गोठवण्यासाठीही बनवलेला आहे.

एक चांदणीच्या कप्प्यात ब्रेड आठवडाभरापलीकडे ठेवू नका. ब्रेडमधल्या पाण्यात मीठ आणि साखर विरघळलेली असते, त्यामुळे ते शून्याला गोठत नाही, आणखी काही अंश खाली जावं लागतं. उणे ६ ला ब्रेड जेमतेम गोठतो. हाताने दाबलात आणि स्लाइस किंचित वाकली, तर समजा की तो पूर्ण थांबलेला नाही.

२. ब्रेड आणला त्याच दिवशी आत ठेवा

नवखा माणूस चुकतो तो इथेच, आणि मीही इथेच चुकलो. आधी खाऊ, उरला तर ठेवू, हा क्रम उलटा करा. पुडा घरात आला की दोन दिवसांचा बाहेर काढा आणि उरलेला लगेच फ्रीझरमध्ये टाका. पुडा फोडताना हात स्वच्छ आणि कोरडे असतात, स्लाइस मऊ असतात, वाटे करायला पाच मिनिटं लागतात. चौथ्या दिवशी हेच काम करायला घेतलं तर जे वाचवायचं होतं ते निम्मं गेलेलं असतं.

पुड्यावरची तारीख बघून ‘अजून तीन दिवस आहेत’ म्हणत थांबू नका. ब्रेडमध्ये घातलेलं कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशीला लांब ठेवतं. स्टार्चला ते काही करत नाही. तारखेच्या आत असलेला ब्रेड खाण्यालायक असतो, पण ताजा असेलच असं नाही.

घरी भाजलेल्या ब्रेडसाठी वेगळी सूचना: तो आतपर्यंत थंड होऊ द्या. वरचा भाग हाताला गार लागला तरी मधला गाभा कोमट असतो. मध्यम लोफला जाळीवर दोन-तीन तास तरी द्या. घाई केलीत तर आतली वाफ पिशवीत अडकते, तिचं दव होतं, दवाचा बर्फ होतो आणि ब्रेड सोडवल्यावर, म्हणजे त्याचा गोठलेपणा उतरू दिल्यावर, तो बर्फ ब्रेडच्या अंगावर वितळतो. ओल्या चिकट सालीचा ब्रेड कुणालाच नको असतो.

३. खाण्याच्या मापाने वाटे करा

आता सुरी घसरण्याचा प्रश्न कायमचा सोडवू.

नियम असा: जेवढा ब्रेड एका वेळी खाल्ला जातो, तेवढाच एका पाकिटात. पुडा किती मोठा आहे किंवा पिशवी किती मोठी आहे, याला महत्त्व नाही. आमच्याकडे सकाळी चार स्लाइस लागतात. वीस स्लाइसचा पुडा आला की आठ बाहेर राहतात, बारा आत जातात, चार-चारच्या तीन पाकिटांत. पाकीट उघडलं की ते संपतंच. उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही, म्हणून पुन्हा गोठवण्याचाही येत नाही.

एकटे राहत असाल आणि कधी एक, कधी तीन अशा खात असाल, तर सगळ्या स्लाइस एकाच मोठ्या पिशवीत ठेवा, पण दर एक किंवा दोन स्लाइसमागे बटर पेपरचा तुकडा घाला. कागद स्लाइसपेक्षा बोटभर मोठा कापा, म्हणजे धरून ओढायला कड मिळते. कागद नसेल तर स्लाइस सरळ थप्पीत न लावता एक आडवी, एक उभी अशा आलटून पालटून ठेवा. चिकटतात, पण कोपरा धरून वाकवला की सुटतात.

न कापलेला लोफ असेल तर आधी कापा. हे मी आग्रहाने सांगतो. गोठलेला लोफ कापण्याच्या नादात हात कापून घेणारा मी एकटा नसेन. अख्खाच ठेवायचा असेल, पाहुण्यांसाठी म्हणा, तर निदान अर्धा करून ठेवा. ब्रेड कापण्याचं यंत्र ओटो रोवेडर या माणसाने बनवलं आणि कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या चिलिकोथी गावात पहिल्यांदा विकायला आला. तेव्हा टीकाकार म्हणायचे की कापलेला ब्रेड लवकर वाळेल. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण फ्रीझरच्या काळात स्लाइस हेच सर्वात सोयीचं माप निघालं.

पातळ पाकिटांचा आणखी एक फायदा आहे, आणि तो चवीचा आहे. चार स्लाइसचं सपाट पाकीट तास-दोन तासांत गोठतं. अख्ख्या लोफचा गाभा गोठायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो त्याच शून्याच्या आसपासच्या पट्ट्यात रेंगाळतो जिथे ब्रेड सर्वात लवकर शिळा होतो. थोडक्यात, अख्खा लोफ गोठता गोठता थोडा शिळा होऊनच जातो. पाकिटं एकावर एक न रचता पहिले दोन तास पसरून ठेवा, मग रचा.

पाव आणि बन आधी ताटात सुटे मांडून तासभर गोठवा आणि कडक झाले की पिशवीत भरा. मऊ असतानाच भरले तर एकमेकांच्या वजनाने चपटे होतात आणि चिकटून गोळा होतो.

४. पिशवीतली हवा काढा

ब्रेडमध्ये वजनाच्या साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असतं. फ्रीझरची हवा कोरडी असते. गोठलेल्या ब्रेडमधला बर्फ वितळल्याशिवायच वाफ होऊन बाहेर पडतो आणि पिशवीच्या आतल्या बाजूला भुरभुरीत बर्फ म्हणून जमतो. पिशवीत दिसणारा तो बर्फ बाहेरून आलेला नसतो. तुमच्या ब्रेडचंच पाणी असतं ते. ब्रेडवर मग पांढरट, कागदासारखे कोरडे डाग पडतात. खायला अपाय नाही, चव मात्र गेलेली असते.

पिशवीतली मोकळी जागा जेवढी कमी, तेवढं हे कमी होतं. झिप बोटभर उघडी ठेवून तळाकडून वरपर्यंत हात फिरवत हवा बाहेर दाबा आणि बंद करा. ब्रेड दाबू नका, पिशवी दाबा.

दुकानातून येतो तो मूळ पुडा पातळ असतो. आठवडाभरासाठी तो चालतो, तोंड पिळून घट्ट बांधलं तर. त्याहून जास्त दिवस ठेवायचा असेल तर तोच पुडा दुसऱ्या जाड पिशवीत घाला. कागदी पिशवीत ब्रेड कधीही गोठवू नका, ती पाणी अडवतच नाही. फॉइल चांगली, पण कोपऱ्यात फाटते, म्हणून तिच्यावर पिशवी हवीच.

५. तारीख लिहा

कंटाळा येईल, तरी लिहा. काय आहे, किती आहे, कधी ठेवलं. ‘४ स्लाइस, गव्हाचा, १२ जून.’ चिकटपट्टी पिशवी गार होण्याआधी लावा, गोठलेल्या प्लास्टिकला ती धरत नाही.

उणे १८ अंशांवर ब्रेड आरोग्याच्या दृष्टीने बिघडत नाही. चवीसाठी मात्र तीन महिन्यांची मुदत धरा. तूप, लोणी, दूध, साखर घातलेले मऊ ब्रेड ही मुदत आरामात काढतात. फक्त पीठ, पाणी, मीठ आणि यीस्टचे, जाड खरपूस सालीचे लांब ब्रेड महिनाभरातच उतरू लागतात. त्यांची साल आतून येणारा ओलावा शोषते आणि सोडवल्यावर टवके उडतात. असे ब्रेड ठेवा, पण आधी संपवा.

६. आत कुठे ठेवायचा

दारातल्या खणात नको. दार उघडलं की तिथलं तापमान आधी चढतं, आणि दर चढउतारासरशी ब्रेडमधून थोडं थोडं पाणी निघून पिशवीत बर्फ जमतो. आत मागच्या बाजूला ठेवा. मासे, चिरलेला कांदा अशा वासाच्या वस्तूंपासून लांब, कारण ब्रेड म्हणजे स्पंजच. नवी पाकिटं मागे, जुनी पुढे.

७. बाहेर काढताना

अर्धी मेहनत इथे वाया जाते, म्हणून जरा सविस्तर.

टोस्ट करायचा असेल तर सोडवूच नका. गोठलेली स्लाइस सरळ टोस्टरमध्ये. बऱ्याच टोस्टरवर बर्फाच्या चांदणीचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते यासाठीच. नसेल तर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ द्या. तव्यावर करत असाल तर मंद आच आणि पहिलं मिनिटभर वर झाकण. वाफेने गाभा सुटतो, मग झाकण काढून कुरकुरीत करा. सुरुवातीलाच आच मोठी केली तर बाहेरून करपतो आणि मध्ये गार राहतो.

तसाच मऊ खायचा असेल तर पाकीट बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला सोडा. स्लाइस अर्ध्या तासात तयार, अख्ख्या लोफला तीन-चार तास. पिशवी उघडण्याचा मोह आवरा. आतल्या बाजूला जमलेला ओलावा ब्रेडमध्ये परत जायला थोडा वेळ लागतो आणि उघडलीत तर तो हवेत जातो. पण पिशवीत पाण्याचे थेंबच दिसत असतील, तर बर्फ फार जमला होता असं समजा. मग ब्रेड काढून घ्या, नाहीतर तो ओला होईल. सकाळी हवा असेल तर रात्री झोपताना पाकीट ओट्यावर ठेवा. फ्रीजमध्ये ‘हळूहळू सुटायला’ ठेवू नका, वर सांगितलेला ४ अंशांचा पट्टा आठवा.

जेवणाच्या डब्यासाठी माझी आवडती युक्ती: सकाळी गोठलेल्या स्लाइसचंच सँडविच बनवायचं. कडक स्लाइसवर लोणी लावताना ब्रेड फाटत नाही, आणि दुपारपर्यंत सगळं आपोआप सुटलेलं असतं.

पाव, बन आणि खरपूस लोफसाठी ओव्हन सर्वात चांगला. वरून पाण्याचा हलका हबका मारा, १८० अंशांवर गोठलेले पाव दहा मिनिटं, मोठा लोफ वीस ते तीस मिनिटं. साल पुन्हा कुरकुरीत होते. पण हा ब्रेड त्याच जेवणात संपवायचा. तापवून मऊ केलेला ब्रेड पहिल्यापेक्षा लवकर कडक होतो आणि दर खेपेला त्यातलं पाणी कमी होत जातं.

मायक्रोवेव्ह? घाईच असेल तर. एक स्लाइस ओलसर कागदी रुमालात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद, त्यापलीकडे नाही. बाहेर काढला तेव्हा मऊ, दोन मिनिटांत रबर, पाच मिनिटांत लाकूड. फॉइल असेल तर आधी काढा.

काही ब्रेड वेगळे वागतात

भरलेली सँडविच गोठवता येतात, पण आत काय आहे त्यावर अवलंबून. लोणी, चीज, शेंगदाण्याचं बटर चालतं. काकडी, टोमॅटो, पालेभाज्या गोठल्या की नंतर पाणी सोडतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चिवट होतो, मेयोनेज फुटतं. ती भर खाताना घाला. मांस किंवा साय-क्रीम भरलेला ब्रेड साध्या ब्रेडच्या नियमाने चालत नाही. तो ओट्यावर तासन् तास सोडवायचा नाही, तो फ्रीजमध्येच सोडवा.

ग्लूटेन नसलेले ब्रेड बाहेर फार लवकर कोरडे पडतात, त्यामुळे ते तर पहिल्याच दिवशी गोठवावेत. खाताना नेहमी गरम करा.

बुरशीबद्दल, स्पष्ट शब्दांत

ठिपका दिसलेला ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवून वाचत नाही. थंडीने बुरशी झोपते, मरत नाही. बाहेर काढला की तिचं काम पुढे सुरू. ठिपका खरवडून बाकीचा खाण्याचा सल्ला घराघरांत मिळतो, तो मानू नका. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच आत गेलेले असतात. पुड्यात शेजारी असलेल्या स्लाइसही टाका. आणि खराब आहे का हे ठरवायला नाक लावून वास घेऊ नका, बीजाणू थेट श्वासात जातात.

वीज गेली तर

दार उघडू नका. भरलेला फ्रीझर दार बंद ठेवलं तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. साधा ब्रेड सुटलाच, तर तो धोकादायक होत नाही. बुरशी नसेल तर पुन्हा गोठवला तरी चालेल, फक्त तो टोस्टचा ब्रेड झाला असं समजा. भरलेली सँडविच मात्र सुटून गरम झाली असतील तर टाकून द्या.

‘गोठवलेल्या ब्रेडने साखर वाढत नाही’ हे खरं का?

हा प्रश्न हमखास येतो. गोठवून, सोडवून टोस्ट केलेल्या पांढऱ्या ब्रेडने रक्तातली साखर ताज्या ब्रेडपेक्षा कमी वाढली, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यात माणसं होती फक्त दहा, तीही निरोगी. ‘कमी वाढली’ आणि ‘वाढत नाही’ यांत मोठं अंतर आहे. मधुमेह असेल तर या भरवशावर एक स्लाइस जास्त घेऊ नका.

कडा, टोकं आणि उरलेसुरले तुकडे

पुड्याची पहिली आणि शेवटची जाड स्लाइस आमच्याकडे कुणी खात नाही. त्यांच्यासाठी फ्रीझरमध्ये एक वेगळी पिशवी आहे, तिच्यावर तारीख नाही, फक्त ‘चुरा’ लिहिलंय. सँडविचच्या कापलेल्या कडा, अर्धवट राहिलेला बन, गोठून पांढरे डाग पडलेल्या स्लाइस, सगळं तिथे जातं. बुरशी आलेलं मात्र नाही.

पिशवी भरली की तुकडे ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर पूर्ण वाळवायचे, थंड करायचे आणि मिक्सरमधून फिरवायचे. ओव्हन नसेल तर तव्यावर मंद आचेवर हलवत राहा. कट्कन तुटले पाहिजेत, वाकले तर अजून ओलावा आहे. हा चुरा कोरड्या बरणीत काही आठवडे राहतो. फ्रीझरमध्ये ठेवला तर तो सोडवावाही लागत नाही. चमचा घालायचा, हवा तेवढा काढायचा आणि तळणीच्या पदार्थाला लावायचा. मिक्सर नसेल तर गोठलेला कडक तुकडा किसणीवर किसा, तोही चालतो. बोटं सांभाळा.